रिसालदारांची पांढरी गाडी

रविवार, १८ मे. सकाळचे सव्वानऊ. अमरावतीला माझ्या घरचा फोन वाजला. पलीकडे रिसालदार होते. "मास्तर, वयनी आज येऊन राह्यल्या. तुमी या." एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. मी अकोल्याची बस धरली.

रिसालदार मे महिन्यातही पायांत लोकरीचे मोजे घालीत. अकोल्याचा मे ज्यांनी काढला आहे त्यांना यातले नवल सांगावे लागणार नाही. दुपारी रस्त्याचे डांबर चपलेला धरून ठेवते, आणि हा मनुष्य कुलरसमोर लोकरीचे मोजे घालून बसलेला. डाव्या पायाची काही बोटे लडाखकडच्या बर्फाने नेली होती. मोज्यांविषयी कोणी विचारले तर ते पायाकडे न पाहता सांगत, "जे बोटं गेले, थेच गार पडतात."

गल्लीत त्यांना सुभेदार म्हणत. ते प्रत्येकाला थांबवून दुरुस्त करीत. सुभेदार पायदळात असतो. रणगाड्यांच्या पलटणीत तो रिसालदार. रणगाडा हा शब्दही त्यांना मान्य नव्हता. "पेपरवाले म्हनतात रणगाडा. आमी गाडी म्हनतो." भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कोणालाही या दुरुस्तीतून सूट नव्हती. त्यामुळे त्यांच्याशी बोलायला फारसे कोणी थांबत नसे.

माझी त्यांची ओळख पांढऱ्या रंगावरून झाली. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी काही दिवस अकोल्याला भाचीकडे राहिलो होतो. शेजारचे हे गृहस्थ एका सकाळी दारात उभे राहिले. "तुमी चित्रकलेचे मास्तर ना? मंग सांगा, माहा पांढरा रंग पांढरा काऊन दिसत नाई?" मी त्यांच्या खोलीवर गेलो. टेबलावर वीतभर लांबीची प्लास्टिकची गाडी होती. सुटे भाग डब्यात येतात, ते जोडून ती उभी करायची असते. जोडकाम निर्दोष होते. रंग मात्र कालवलेल्या चुन्यात बुडवून काढल्यासारखा सपाट. पांढऱ्याखाली हिरवा जिवंत राहिला पाहिजे, असे मी सांगितले. ते म्हणाले, "बराबर. खऱ्या गाडीचंही तसंच रायते. हिवाळ्यात हिरव्यावर पांढरा मारतात, आन् थो मानसाच्या हातापायानं झिजते."

तेव्हापासून मी महिन्यातून एकदा अकोल्याला जाऊ लागलो. हिरव्या थरावर केसांना मारायचा फवारा द्यायचा, त्यावर पांढरा, आणि तो वाळला की ओल्या ब्रशने घासायचे. खालचा फवारा विरघळतो आणि पांढरा जागोजागी निघून येतो. फवारा आणायला आम्ही दोघे बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने रिसालदारांच्या तुळतुळीत डोक्याकडे पाहिले. "काका, कोनासाठी? तुमाले तं लागत नाई."

"गाडीले लागते," रिसालदार म्हणाले.

दुकानदार हसला. रिसालदार हसले नाहीत. मीही हसलो नाही.

झीज दाखवण्याचा त्यांचा एक कायदा होता: ज्याचा माणूस नाही, तो डाग नाही. तोफ बसवलेल्या फिरत्या घुमटाच्या उजव्या कडेचा पांढरा गेला होता, कारण तोफ डागणारा तिथे गुडघा टेकून चढे. वरच्या झाकणाची कड झिजली होती, कारण तिथे त्यांचा स्वतःचा हात पडे. एकदा मागची बाजू मला रिकामी वाटली म्हणून मी ब्रशने एक ओरखडा काढला. त्यांनी भिंग लावून तो पाहिला.

"मास्तर, इथून कोन चढलं?"

"कोणी नाही. दिसायला बरे."

"मंग बुजवा."

मी बुजवला. चाकांना आपली काळी माती चाळून लावू, असेही मी सुचवले होते. ते म्हणाले, "काळी माती चिकटते. तिकडं काईच चिकटत नाई." आणि राख लावली.

आता त्या गाडीचे कारण सांगतो. लडाखला रिसालदारांच्या ताब्यात अशीच खरी गाडी होती. तिचा चालक नामदेव बार्शीटाकळीकडचा होता. तशा थंडीत इंजिन रात्रभर थोड्या थोड्या वेळाने चालवावे लागे, नाहीतर तेल गोठे. त्या रात्री पाळी नामदेवची होती. तो एकटाच गाडीत बसला. वादळ झाले. सकाळी गाडी बर्फाखाली होती आणि नामदेव धुराने गुदमरून आतच मरण पावला होता. घरी कळवले गेले की झोपेत गेला. या गोष्टीला पुष्कळ वर्षे झाली. त्या मेच्या आदल्या हिवाळ्यात एका लग्नात नामदेवची बायको रिसालदारांना भेटली. तिने दोन गोष्टी विचारल्या. त्यांची गाडी कशी होती, ती मला दाखवाल का? आणि ते झोपेतच गेले ना? रिसालदारांनी पहिल्याचे उत्तर दिले. "दाखवतो."

म्हणून ही गाडी. तिच्यावर एकच जागा अनिश्चित होती: पुढचे, चालकाचे झाकण. त्यांनी ते चिकटवून बंद केले होते. त्यावरचा पांढरा झिजवायचा की अखंड ठेवायचा, हे ठरत नव्हते. सकाळी बर्फ उकरून ते झाकण रिसालदारांनीच उघडले होते. आत काय दिसले, हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. न सांगण्यावरूनच मला ते कळले.

"अखंड ठेवा," मी म्हणालो. "आणि झोपेत गेले म्हणून सांगा. तिचे वय झाले आहे."

"तसं सांगता येते," ते म्हणाले. त्यांनी झाकणावर पांढऱ्याचा पूर्ण हात दिला.

दुसऱ्या सकाळी झाकणाच्या कडेचा पांढरा उडालेला होता. त्यांनी पुन्हा दिला. पुन्हा उडाला. पुढच्या खेपेला मी अकोल्याला गेलो तेव्हा त्यांनी माझ्यासमोर रंग दिला, गाडी काचेच्या पेटीत ठेवली आणि पेटीला कुलूप लावून किल्ली माझ्याकडे दिली. सकाळी मीच कुलूप काढले. झाकणावर हिरवी चंद्रकोर उघडी पडली होती. पांढऱ्याचे पापुद्रे बाहेरच्या बाजूला उचललेले होते, खालून रेटल्यासारखे.

कुलरची दमट हवा, मी म्हणालो. त्यांनी कुलर बंद केला. तो मे महिना होता. आम्ही दोन म्हातारे घामाने भिजलेले त्या खोलीत बसून राहिलो. दुपारी पेटीतून टक् असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा. रिसालदार उठून सरळ उभे राहिले, वरिष्ठ खोलीत आल्यावर राहतात तसे.

"प्लास्टिक तापले की वाजते," मी म्हणालो.

"थंडीत लोखंडही वाजते," ते म्हणाले आणि उभेच राहिले.

कुलर बंद असतानाही पांढरा उडाला. हा रंगाचा दोष असू शकेल. मी एवढेच सांगतो की उरलेल्या गाडीवर तोच रंग, त्याच हाताने, त्याच डबीतून दिलेला होता, आणि तो तसूभरही हलला नाही.

त्या रविवारी मी पोहोचलो तेव्हा झाकण पांढरेशुभ्र होते. रिसालदारांनी पहाटे उठून पुन्हा रंग दिला होता. वहिनी, म्हणजे नामदेवची बायको, दुपारी आल्या. उंच, काळ्यासावळ्या, वावरात राबलेल्या हातांच्या. त्यांनी पिशवीतून तुरीची डाळ काढून टेबलावर ठेवली आणि गाडीसमोर बसल्या.

"येवढीशीच?"

"खरी मोठी रायते, वयनी. थे इथं मावली नसती."

"थे समजते मले, भाऊ. मी काई येडी नाई." त्यांनी मान वाकडी करून पाहिले. "पांढरी काऊन?"

"बर्फात दिसू नये म्हनून."

"मंग दिसलीच नाई म्हना."

रिसालदारांनी चहाचा कप पुढे सरकवला. वहिनींनी तो घेतला नाही.

"त्याईची जागा कोन्ती?"

रिसालदारांनी ब्रशच्या टोकाने पुढचे झाकण दाखवले. त्या वाकल्या. मीही वाकलो. झाकणाच्या कडेला हिरवी रेघ उमटली होती. मी आलो तेव्हा ती नव्हती. गाडीला कोणी हात लावलेला नव्हता.

"इथला रंग उडला, भाऊ."

"रोजच उडते."

"मंग त्याईनं इथून निंगाले पाह्यलं."

मी रिसालदारांकडे पाहिले. ठरलेले वाक्य त्यांनी उच्चारावे अशी माझी इच्छा होती. माझ्या मते ते दयेचे वाक्य होते. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"व्हय," ते म्हणाले. "झोपेत नाई गेला थो. आतून ढकललं. वरून बर्फ गोठला व्हता, उघडलं नाई. तोफ सरळ असती तं आतून मांगं सरकून वरच्या झाकणातून निंगता आलं असतं. तोफ आडवी व्हती, वाट बंद. म्याच वळवून ठेवली व्हती."

"हाक मारली असन त्याईनं."

"मारली असन."

"तुमाले आयकू नाई आली?"

"वारा व्हता. नाई आली."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मग वहिनींनी पदराने तोंड पुसले.

"मले वाटलंच व्हतं," त्या म्हणाल्या. "थे झोपेत जानारे मानूस नोहते. घरी साधं दार लोटलं तरी उठून बसत. मी लोकाईले इतके वर्स सांगत आली, झोपेत गेले, झोपेत गेले. मलेच पटत नोहतं." त्यांनी गाडी आपल्याकडे ओढली. "हे मी नेतो. पन असं बंद नेत नाई. हे दार उघडून द्या."

ती गाडी आता बार्शीटाकळीजवळ त्यांच्या घरात, नामदेवच्या फोटोखाली आहे. मी एकदा जाऊन पाहिली. रंग जसाच्या तसा आहे. रिसालदार त्याच वर्षी श्रावणात गेले. झोपेत गेले, असे त्यांच्या मुलाने मला फोनवर सांगितले. मी अधिक काही विचारले नाही. माझ्या चित्रांतून मी आता केवळ शोभेसाठी रेघ ओढत नाही. त्यामुळे चित्रे कमी होतात.

त्या दुपारी रिसालदारांनी टेबलाच्या खणातून पातळ पाते काढले. झाकणाच्या सांध्यात ते घालून त्यांनी गोंद सावकाश कापत नेला. झाकण सुटले. आत त्यांनी चालकाचे आसन केलेले होते, गाडी वळवायच्या दोन दांड्या केलेल्या होत्या. बंद झाकणाखाली हे कोणालाच दिसणार नव्हते. आसन रिकामे होते. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक ओरखडे होते. ते त्यांनी काढलेले होते किंवा नव्हते, हे मी विचारले नाही. वहिनींनी ते पाहिले आणि मान हलवली. रिसालदारांनी बिजागरीवर गोंदाचा थेंब सोडला आणि झाकण उभे केले. त्यानंतर त्या दिवशी त्यांनी दुसरे कोणतेही काम केले नाही. गोंद धरेपर्यंत ते झाकण एका बोटाने उघडे धरून बसले.