लांब नळी, आखूड नळी

त्र्यंबक सबनिसांनी आयुष्यात कुठलीही वस्तू पहिल्या फेरीत विकत घेतली नाही. फ्रिज घ्यायचा होता तेव्हा त्यांनी अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधल्या झाडून सगळ्या मराठी घरांत चहाच्या निमित्ताने जाऊन लोकांचे फ्रिज उघडून पाहिले होते. मंडळाच्या गणपतीत बाकीचे आरतीला उभे, आणि त्र्यंबककाका कोपऱ्यात कुणाला तरी गाठून गाडीच्या मायलेजचा कीस पाडताहेत, हे दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं. त्यामुळे पंचावन्नाव्या वर्षी या गृहस्थाने रायफल घ्यायचं मनावर घेतलं आणि पुढचा उन्हाळा आला तरी घेतली नाही, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. खरं कारण त्यांच्या पोटातच राहिलं. बायकोला, सरलालासुद्धा, त्यांनी ते सांगितलं नाही.

कारण म्हणजे हेमचंद्र, त्यांचा एकुलता एक मुलगा. नाव आजोबांचं, जन्म मिशिगनचा. युनिव्हर्सिटी अर्ध्यावर सोडून तो फौजेत गेला, तेव्हा त्र्यंबकराव म्हणाले होते, "आमच्या घराण्यात बंदुका पुसणारा कुणी नव्हता. तेवढं बाकी होतं." पोरगं बॅग उचलून निघून गेलं. आता तो टेक्ससच्या छावणीत खरोखरच रायफली दुरुस्त करत होता आणि तिथे त्याला हँक म्हणत. दर रविवारी त्याचा फोन यायचा, पण आईला. चुकून वडिलांनी उचलला तर "कसा आहेस?", "फाइन", "जेवलास?", "येस", आणि "आईला देतो" एवढ्यावर मामला आटपायचा.

एकोणीसशे पंचाऐंशीच्या नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला आणि त्र्यंबकरावांचं ऑफिस नेहमीप्रमाणे निम्मं ओस पडलं. एका सहकाऱ्याबरोबर ते गंमत म्हणून बंदुकांच्या दुकानात गेले. मालकाने काउंटरवर दोन सेमी-ऑटोमॅटिक रायफली ठेवल्या. दिसायला सख्ख्या बहिणी, फक्त एकीची गॅसची नळी लांब, दुसरीची आखूड. "कुठली हवी?" त्र्यंबकराव काही न घेता घरी आले. रविवारी फोन आला तेव्हा बोलायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी तोच प्रश्न मुलाला विचारला.

 पलीकडे बांध फुटला.

"बाबा, लिसन. गोळी फायर झाली की तिच्या मागचा गॅस बॅरलच्या एका होलमधून ट्यूबमध्ये जातो, आणि मागे येऊन बोल्टला, त्या स्लाइडिंग पार्टला, पुश करतो. मग नेक्स्ट गोळी आपोआप लोड होते. ओके? शॉर्ट सिस्टिममध्ये ते होल गोळीच्या जवळ असतं, सो प्रेशर जास्त. रायफल छोटी, हँडी, बट किक शार्प आणि पार्ट्स लवकर वेअर होतात. लाँगमध्ये गॅस लांबून येतो, सो सॉफ्ट. तुमच्या शोल्डरला लाँग बरी."

एवढं सलग तो वडिलांशी लहानपणानंतर बोललाच नव्हता. त्र्यंबकरावांना त्याच वेळी पटलं होतं की लांबच घ्यायची. जन्मात पहिल्यांदा त्यांचा निर्णय पहिल्या फेरीत झाला होता. पण ते म्हणाले, "बरं, विचार करतो."

पुढच्या रविवारी त्यांनी नवी शंका काढली. मिशिगनच्या थंडीत तेल घट्ट झालं तर आखूड नळीचा जोर बरा नाही का? नंतर बॅरलच्या लांबीची, नंतर वजनाची. आठवडाभर ते कंपनीत बसून शंका शोधायचे. पोरगा समजावायचा, वैतागायचा, एकदा तर हसला. "बाबा, यू आर इम्पॉसिबल." फोन ठेवल्यावर त्र्यंबकराव बराच वेळ खुर्चीतून उठले नाहीत. त्यांना इतकं सुख झालं होतं की त्याचीच भीती वाटली.

जूनमध्ये हेमला रजा होती. त्र्यंबकरावांनी मनाशी ठरवलं, त्याला म्हणायचं, मला काही ठरवता येत नाही बुवा, तूच ये, आपण दोघं दुकानात जाऊन निवडू. तीन वर्षांत तो घरी आला नव्हता. एकदा हा विषय त्यांनी अडखळत काढलाही. हेम म्हणाला, "मे बी. बघतो." त्या 'बघतो'वर त्यांचे पुढचे दिवस गेले.

जून लागण्याआधी त्यांचा वाढदिवस आला. संध्याकाळी घरी आले तर जेवणाच्या टेबलावर लाल रिबीन बांधलेलं लांबलचक खोकं. सरलाबाई फुलून आल्या होत्या.

"तुमचं घोडं काही पुढे सरकेना, म्हणून मीच दुकानात गेले. आधी हेमला विचारलं हं. तो म्हणाला, लाँग घे आई, बाबा नेव्हर डिसाइड करणार."

त्र्यंबकरावांना जूनची रजा आठवली. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून ते म्हणाले, "छान केलंस." रिबीन त्यांनी सावकाश सोडली.

रविवारी फोन वाजला. त्यांनीच उचलला.

"हॅपी बर्थडे, बाबा. सो, फायनली सेटल्ड!"

"हो."

"ग्रेट. मग जूनमध्ये मी फ्रेंड्सबरोबर कोलोरॅडोला जातो. तुमचं काम तर झालंच."

'शिकवायला ये.' एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण काहीतरी विचारायचं असल्याशिवाय या मुलाशी कसं बोलायचं, हे त्र्यंबकरावांना कधी जमलंच नव्हतं, आणि विचारायला आता काहीही उरलं नव्हतं. पलीकडे तो वाट बघत होता. थोडा वेळ खरंच बघत होता.

"जेवलास?" त्यांनी विचारलं.

"येस."

"आईला देतो," ते म्हणाले आणि फोन सरलाबाईंच्या हातात देऊन खोकं उचलून तळघरात ठेवायला गेले.