दूध केंद्राच्या भिंतीवरची विहीर

मी ड्रॉइंग मास्तर. अंबाजोगाईपासून एसटीनं तासाभरावरच्या एका गावात, खाजगी संस्थेच्या शाळेत, बावीस वर्षं काढली. चित्रकला हा विषय वेळापत्रकात असायचा तो गणिताच्या मास्तरांना तास कमी पडू नयेत म्हणून. माझं मुख्य काम म्हणजे गावातल्या पाट्या रंगवणं, लग्नाच्या कमानी आणि चेअरमनच्या वाढदिवसाचं अभिनंदन.

चेअरमन एकच होते. शाळेच्या संस्थेचे तेच, दूध सोसायटीचे तेच, आणि दुष्काळात चारा छावणी पडली तेव्हा छावणीचेही तेच. त्यांच्या हुकुमावरून मी शाळेच्या भिंतीवर ‘जगातले थोर पुरुष’ अशी रांग काढली होती. रांगेत सातव्या जागी जर्मनीचा तो मिशीवाला हुकूमशहा होता. मी जरा कां-कूं केलं होतं. चेअरमन म्हणाले, “शिस्तीचा माणूस व्हता, मास्तर. असा एक आपल्याकडं पायजे.” मी काढला. खरं सांगायचं तर रांगेत तोच सगळ्यात चांगला जमला होता. बाकीचे थोर पुरुष एकमेकांचे चुलतभाऊ वाटायचे.

त्या वर्षी सलग तिसरा पावसाळा कोरडा गेला. दूध सोसायटीच्या केंद्राला कुलूप लागलं, कारण म्हशी आटल्या होत्या. टँकर चेअरमनच्या शब्दावर यायचा, पण तो कधी येणार हे टँकरलाही माहीत नसायचं. गावाबाहेरच्या जुन्या विहिरीत बायका दोराला धरून उतरायच्या, तळातल्या चिखलात खड्डा करायच्या आणि त्यात निथळलेलं पाणी वाटीनं घागरीत भरायच्या. एका सकाळी त्या विहिरीचा काठ खचला. खाली दोघी होत्या, त्या गेल्या. वर दोर धरून उभ्या असलेल्या तिघी दगडमातीबरोबर आत गेल्या आणि जिवंत निघाल्या.

त्या तिघींपैकी एक आमच्या गल्लीतली. तिची धाकटी जाऊ खाली होती आणि हिच्या हातात दोर होता. हिचा पाय मोडला, आणि दोर सरसर गेल्यानं उजव्या तळव्याचं सालटं निघालं. पाय प्लास्टरमध्ये सांधत होता, तळवा भरत आला होता, पण मूठ ती आपणहून काही उघडेना. बोलायची बाकीचं सगळं. भाजीत मीठ कमी आहे, पोरगी अभ्यास करत नाही, मास्तरांचं पोट सुटलंय. विहिरीचा शब्द निघाला की उठून जायची. प्लास्टरसकट.

तिच्या हाताचं ड्रेसिंग करायला अंबाजोगाईहून एक सिस्टर यायच्या. मोठ्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या, सत्तरीच्या आसपासच्या, पांढरी सुती साडी, खांद्याला खाकी पिशवी. त्यांना कुणी पाठवलं नव्हतं. पेपरात वाचलं आणि एसटीत बसल्या. आठवड्यातून तीनदा यायच्या. चेअरमननी त्यांना सुचवलं की बाजारच्या दिवशी, शनिवारी या, चार माणसं बघतील. सिस्टर म्हणाल्या, “शनिवारी मी काम करत नाही.” गावानं ठरवलं, बाईंचा मारुतीचा शनिवार कडक आहे. मान एकदम वाढला.

चेअरमननी रीतीप्रमाणे विचारलंच, “सिस्टर, तुमी कोनापैकी?”

“आम्ही बेने इस्राएल. यहुदी. मूळचे कोकणातले. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचो, म्हणून तिकडं आम्हाला शनवार तेली म्हणायचे.”

“तेली व्हय? मग तसं सांगा की,” चेअरमन म्हणाले आणि विषय मिटला.

तिसऱ्या आठवड्यात सिस्टर शाळेत माझ्याकडे आल्या. “मास्तर, भिंत हवी. मोठी. आणि रंग.”

मी म्हटलं, “रंगाला पाणी लागतं. पाण्यावरून खून पडायची वेळ आलीय.”

“मग कोरडे द्या.”

भिंत म्हणजे बंद दूध केंद्राची, रस्त्याकडची. रंग म्हणजे गेरूचे खडे, चुलीतला कोळसा, फुटक्या विटा, थोडा चुना आणि नीळ. चुना-निळीपुरतं भांडी विसळलेलं पाणी बायका तांब्यातून आणायच्या. कुंचला म्हणजे चावलेली बाभळीची काडी. पहिल्या दिवशी त्या तिघींपैकी दोघी आल्या, आणि गेलेल्यांपैकी एकीची आई. तिसरी, वयानं सगळ्यात लहान, आलीच नाही. तिला लोकांनी समजावलं, सिस्टर दोनदा घरी गेल्या, पण ती दाराआडूनच ‘न्हाई’ म्हणाली. पुढं ती मामाकडं गेली आणि परत आली नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण चित्रं काढली की सगळे बरे होतात असा माझा दावा नाही.

मी तयारीनं गेलो होतो. दूरचं लहान, जवळचं मोठं, यावर मी पाऊण तास बोललो. बायका डोक्यावरचा पदर सावरून आदरानं ऐकत होत्या. मग एकीनं भिंतीवर घर काढलं, आणि घरापेक्षा मोठी कोंबडी. मी म्हटलं, “कोंबडी एवढी मोठी नसते.” ती म्हणाली, “तुमी तिला अंड्यावरून उठवून बघा एकदा.”

सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही गेरू कुटा.”

मी गेरू कुटायला बसलो. शाळेत माझी इज्जत फार नव्हतीच, पण उरलेली त्या दिवशी गेली.

आमच्या गल्लीतली ती मोठी जाऊ चार दिवस नुसतीच पाय लांब करून बसली. पाचव्या दिवशी सिस्टरनी तिच्या मिटलेल्या मुठीत वरून कोळशाचा तुकडा खोचला आणि दुसरीकडं निघून गेल्या. मग ती भिंतीकडे सरकली आणि मुठीतल्या कोळशानं एक उभी रेघ ओढली, हात पोचेल तिथून पार जमिनीपर्यंत. मग तिच्याशेजारी दुसरी. तशा तिनं किती ओढल्या असतील देव जाणे. मला वाटलं, भिंत वाया चालली. सिस्टरनी नुसता आणखी कोळसा दिला. एका तुकड्याचा भुगा झाला, दुसरा घ्यायचा तर मूठ उघडावी लागणारच होती. ती उघडली. तिनं तळव्याकडे बघितलं, साडीला पुसला आणि कोळसा बोटात धरला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सिस्टर म्हणाल्या, “चहा टाका कुणीतरी.”

त्याच दिवशी एसटी चुकली म्हणून सिस्टर शाळेच्या व्हरांड्यात बसल्या होत्या. समोर माझी थोर पुरुषांची रांग. सातव्यापाशी त्या बराच वेळ थांबल्या.

“मिशी छान जमलीय. कशानं काढली?”

“दात घासायच्या जुन्या ब्रशनं,” मी खुशीत सांगितलं.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, “मुंबईत नर्सिंगला होते तेव्हा आमच्या वॉर्डात एक जर्मन यहुदी डॉक्टरीण होत्या. तरुणपणी तिकडून एकट्याच निघून आलेल्या. भाजलेल्या, अपघातातल्या पोरांना त्या कागद आणि खडू द्यायच्या. हे भिंतीचं मी त्यांच्याकडूनच शिकले. आम्ही त्यांना विचारायचो, मॅडम, तुमच्या घरची बाकीची माणसं कुठं असतात? तर त्या म्हणायच्या, चहा घेणार का? प्रत्येक वेळी तेच.” मग बोटानं माझ्या चित्राकडे दाखवलं. “ती माणसं कुठं गेली ते यांना माहीत होतं.”

मी म्हटलं, “चेअरमनची ऑर्डर होती. विचारून बघतो.” मी काही विचारलं नाही. पगार त्यांच्याच सहीनं निघायचा.

इकडे भिंत भरत चालली. कोंबडीच्या शेजारी जोंधळ्याचं ताट आलं, लेकीचं लग्न आलं, छावणीतल्या हाडकुळ्या बैलांची रांग आली. आणि आमच्या जावेच्या त्या काळ्या रेघांना वर एक गोल आला. मग कळलं की ती विहीर आहे. तळाशी तिनं धाकट्या जावेला बसवलं. चिखलात नाही, तर एका पाटावर, हातात कंगवा घेऊन. “तिला केस इंचरायला कदी सवडच न्हाई भेटली,” एवढंच म्हणाली. गेलेल्या दुसरीच्या आईनं विहिरीच्या काठावर टँकर काढला. टँकरच्या तोंडावर हार, आणि शेजारी हात जोडून उभा एक पांढऱ्या कपड्यांतला माणूस. पाण्याचा थेंब कुठंच नव्हता. चेहरा अजिबात मिळत नव्हता, पण पोट मिळत होतं. सगळ्या गावानं ओळखलं.

चेअरमननीही स्वतःला ओळखलं. आधी त्यांनी पाण्याची उधळपट्टी काढली. भांड्यांचं पाणी म्हटल्यावर ते चाललं नाही. मग सोसायटीच्या मालमत्तेचा मुद्दा काढला, तर एका म्हाताऱ्यानं विचारलं की मग मालमत्तेचं कुलूप कधी काढताय. दोन दिवस ते दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीसमोर बायका कामाला लागलेल्या असताना आले, सोबत पाच-सहा माणसं, हातात मोबाइल.

“मी न्हाई म्हनत,” त्यांनी सुरुवात केली, “हे लिहून आलंय. सिस्टर तेली-बिली काय न्हाईत. ह्या यहुदी लोकांचा जगभर बोभाटा हाय. जातेत तितं इहिरीत इख कालवतेत. पार तिकडल्या देशात कालवलंय. आता आपल्या गावात इहिरीपायी दोन बाया गेल्या, आन ह्या बाई कुनी न बोलवता आल्या. कावून आल्या? इचार करा.”

विहीर खचल्यानंतर महिन्यानं सिस्टर आल्या होत्या. हे सगळ्यांना माहीत होतं. तरी माणसं सिस्टरकडे अशी बघायला लागली जणू त्यांच्या खाकी पिशवीत विषाची बाटली असावी. सिस्टर पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं, नुसता थकवा होता. आणि मी काय केलं? मी वाकून चपलेतला खडा काढत होतो. चपलेत खडा नव्हता.

“कोनत्या इहिरीत?” पाय लांब करून बसलेल्या जावेनं विचारलं.

“आँ?”

“कोनत्या इहिरीत इख कालवलं, म्हन्ते मी.”

“तसं न्हाई वयनी. आपलीच असं न्हाई, जगातल्या...”

“जगातल्या मला म्हाईत न्हाईत. आपल्या इहिरीत मी गेलते.” एवढं बोलून ती थांबली. दोन-अडीच महिन्यांत तिच्या तोंडून विहीर हा शब्द पहिल्यांदा निघाला होता. मला वाटलं आता उठून जाईल. ती उठली नाही. “तळाला चिखल व्हता, टोंगळ्याएवडा. माझी जाऊ वाटीनं निथळून घ्यायची, अर्दी घागर भरायला तास लागायचा. माती पडली तवा मी दोर सोडला न्हाई. दोरच गेला हातातून. मी तिला वरडून सांगितलं की सोडला न्हाई. तिला आयकू गेलं का न्हाई ते मला कळलं न्हाई.” तिनं नाक पदरानं पुसलं. “इख कालवायला आदी पानी लागतंय, चेरमन. तुमी टँकर धाडला असता तर कुनालातरी कालवता आलं असतं.”

कुणीतरी हसलं. हसायची वेळ नव्हती, पण चेअरमनच्या बाजूनं आलेल्यांपैकीच एकाला आवरलं नाही. मग दुसरा हसला. गेलेल्या बाईची आई मात्र रडायला लागली आणि आमची जाऊ तिला धरून बसली. चेअरमन मोबाइल खिशात घालत म्हणाले, “मी वाचून दाखवलं फक्त,” आणि छावणीत काम आहे म्हणून गेले.

जरा वेळानं जावेनं सिस्टरना विचारलं, “तुमच्यात खरंच असं काई करतेत का?”

सिस्टर म्हणाल्या, “आमच्यात नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा करतात, नारळाच्या दुधात. त्यानं फार तर पोट बिघडतं.”

पुढच्या वेळी त्या डबा भरून तो हलवा घेऊन आल्या. सगळ्यांनी खाल्ला. चेअरमनबरोबर आलेल्या पाच-सहा माणसांपैकी तिघांनी दोनदा खाल्ला. कुणाचं पोट बिघडलं नाही.

मला मात्र तो चपलेतला खडा टोचत राहिला. रविवारी शाळा बंद असताना मी सातव्या थोर पुरुषावर चुना मारला आणि त्या जागी एक म्हैस काढली. मुऱ्हा, भरल्या कासेची. ‘जगातले थोर पुरुष’ या रांगेत म्हैस. सोमवारी चेअरमन बराच वेळ बघत राहिले. दूध सोसायटीच्या चेअरमनला म्हशीविरुद्ध बोलता येईना. शेवटी म्हणाले, “शिंग जरा बारीक झालं.” मी म्हटलं, “दुष्काळातली हाय.”

पुढं टँकर रोज यायला लागला. आमच्या भिंतीमुळे असं बायका म्हणतात, निवडणुकीमुळे असं मी म्हणतो. विहिरीवर लोखंडी जाळी बसली. दूध केंद्राचं कुलूप पुढच्या वर्षी निघालं आणि भिंतीवर एका सिमेंटवाल्याची जाहिरात आली. ती मीच रंगवली. जावेनं फक्त पाटावर कंगवा घेऊन बसलेली ती बाई मला ठेवायला लावली, त्यामुळे त्या जाहिरातीत सिमेंटच्या पोत्याशेजारी एक बाई केस विंचरत बसली होती. कंपनीचा माणूस म्हणाला, आयडिया वेगळी आहे.

सिस्टर ठाण्याला लेकीकडं राहायला गेल्या. निघायच्या आधी शेवटचं म्हणून आल्या होत्या. आम्ही सगळे फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होतो. जाऊ आता काठी न घेता चालत होती, जरा लंगडत.

तिनं विचारलं, “तुमच्यात कुनी गेलं तर काय करतेत?”

“सात दिवस जमिनीवर बसतात. लोक जेवण घेऊन येतात. आणि दुःखातला माणूस स्वतः बोलल्याशिवाय आलेल्यानं बोलायचं नसतं. नुसतं शेजारी बसायचं.”

जाऊ म्हणाली, “आमी तर भिंतीम्होरं सा महिने बसलो की.”

“हो,” सिस्टर म्हणाल्या. “तुम्ही जरा जास्तच बसलात.”

एसटी आली. सिस्टरना खिडकीची जागा मिळाली नाही, म्हणून हात हलवायचं राहून गेलं.