लहान सुनेचा हात

हे म्या कोणाले सांगतलं नाही. बायको गेली, तिलेही नाही. चौथीतून शाळा सोडली, लिहिणं जड जाते — पण तुम्ही समोर बसले आहात असं समजून लिहून राहिलो.

माहा मोठा पोरगा धानाच्या बांधीत चिखलणी करताना गेला, हे गावाले ठाऊक आहे. ट्रॅक्टर बांधीच्या उंच धुऱ्यावर चढवताना उलटला अन् लोखंडी चाकानं त्याची मांडी फाडली. गाव म्हणते, लहान सून तिथंच होती, आशा वर्कर, शिकलेली — तरी ती भेली, हातच लावला नाही.

हे पहिल्यांदा कोण म्हणालं?

बांधीत आम्ही तिघंच होतो. ती न्याहारी घेऊन आली होती. डबा टाकून धावली, ॲम्ब्युलन्सले फोनही तिनंच लावला. "बाबाजी, आधी रक्त थांबवा लागते," म्हणाली अन् पदराचा बोळा करून मांडीवर दाबायले वाकली. म्या तिचा हात झटकला. "भासरा आहे तो तुहा! त्याले हात लावते?" आमच्यात लहान भावाची बायको नवऱ्याच्या मोठ्या भावाले अन् सासऱ्याले शिवत नाही. पोरगा चिखलात लाल होऊन राहिला होता, अन् मी — रीत सांभाळत होतो.

"मंग तुम्ही दाबा! जोरात!" ती ओरडली.

सुनेनं शिकवावं अन् म्या ऐकावं? म्या दुपट्टा गुंडाळला. वरवर. तोंडात पाणी घातलं.

गाडी आली तवा छाती थांबली होती. डॉक्टरनं पहिले मांडी आवळली, सुई लावली, मंग छाती दाबत राहिला. घामाघूम झाला. शेवटी म्हणाला, "दिल चलेगा किस पे, काका? खून ही नहीं बचा. किसी ने दबाया क्यों नहीं?"

तिनं माह्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "ही भेली."

तलावाचं पाणी आधी कोणाच्या बांधीत जाईल, हे माह्या शब्दावर ठरत होतं. माहा शब्द कोण खोटा धरणार? मोठी सून आजही तिच्या हातचं पाणी घेत नाही. लोक तिले पोरं दाखवेनात, तिनं आशाचं काम सोडलं. पण बोलली नाही. काऊन? सासऱ्याले खोटं पाडायचं नाही — हीबी रीतच.

परवा न्हाणीत घसरलो. तिनंच उचललं. तवा मले रीत आठवली नाही.

तिनं दाबलं असतं तर तो वाचला असता काय? डॉक्टरलेही सांगता येणार नाही. पण ती भेली नव्हती. हात घट्ट होता तिचा. झटकायले मले जोर लावावा लागला.