शाल पुढे गेली

सकाळी दूध तापवत होतो तेव्हा भाच्याचा, अमोलचा, फोन आला. "मामा, आई गेली," एवढंच म्हणून तो थांबला. दूध वर यायला लागलं होतं, म्हणून आधी गॅस बंद केला... आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते परक्या कुणी ऐकलं असतं तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं. मी म्हणालो, "शाल पुढे गेली रे. बरं झालं." अमोल तिकडे रडत होता, तरी म्हणाला, "हो मामा. मीही मघाशी हेच म्हणालो." आता या गोष्टीला काही आठवडे होऊन गेलेत. दुःख आपल्या पावलांनी येतं आहे, येईल. पण त्या सकाळी सगळ्यात आधी आलं ते हायसं वाटणं, आणि ते का आलं हे सांगितल्याशिवाय माझी बहीण कोण होती हे सांगता येणार नाही.

लीलाआक्का माझ्याहून बरीच मोठी. खडकीच्या कारखान्यात ती तपासणी विभागात होती. पुढे सरकत येणाऱ्या मालातला चुकीचा नग पाहायचा, त्यावर बोट ठेवायचं आणि तो बाजूला काढायचा, हे तिचं आयुष्यभराचं काम. घरी आली तरी ते बोट काही खाली यायचं नाही. भाजीवाल्याचा तराजू असो, माझं लग्नाचं जाकीट असो नाहीतर विहारातल्या वक्त्याचं भाषण, तिच्या नजरेतून चूक सुटायची नाही आणि ती तोंडावर सांगितल्याशिवाय तिला राहवायचं नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागलो आणि कारखान्याच्या वसाहतीतलं क्वार्टर सोडून सदाशिव पेठेत राहायला आलो, तेव्हा पहिल्या भेटीत घोटभर चहा पिऊन ती म्हणाली, "पेठेत येऊन तुझी भाषा सुधारली, चहा मात्र बिघडला." माझी बायको आत हसू दाबत होती. आक्काला हसवायचं नव्हतं, तिनं फक्त तपासणी केली होती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. घरोघरी केबल आली होती, पोरं कुठल्या कुठल्या खासगी कंपन्यांची नावं घ्यायला लागली होती, आणि वर्तमानपत्रात रोज कुणाचा ना कुणाचा सत्कार असायचा. आमच्या वसाहतीच्या समितीला वाटलं, आपणही आपल्या माणसांचा गौरव करावा. बुद्धपौर्णिमेचा दिवस ठरला. पहिला मान हिराबाईंचा, म्हणजे ज्यांच्या हातांवर निम्मी वसाहत जन्मली त्या सुईणीचा. मोठे पाहुणे बोलावले, क्रीम रंगाची चांगली लोकरीची शाल आणली. समितीच्या अध्यक्षांच्या पत्नी मालतीबाई रेशमी साडी नेसून पाहुण्यांना गुच्छ द्यायला व्यासपीठावरच्या पहिल्या खुर्चीत बसल्या होत्या. पाहुण्यांचं भाषण ऐन रंगात आलं आणि बाहेर कुणाचं तरी तान्हं बाळ रडायला लागलं. हिराबाईंना सवयीनं राहवलं नाही, त्या उठून बाहेर गेल्या. पाहुण्यांनी त्यांना याआधी कधी पाहिलंच नव्हतं. "अशा या थोर माउलीला..." म्हणत ते वळले आणि त्यांनी अतिशय आदरानं शाल मालतीबाईंच्या खांद्यांवर घातली. टाळ्या पडल्या, फोटो निघाला. मालतीबाई इतक्या गोंधळल्या की त्यांनी हात जोडले.

कुणी काही बोललं नसतं. मोठ्या पाहुण्याची चूक आपल्याकडे कोण दाखवतं? पण आक्का उठली. माईक तिच्यासमोर नव्हताच, तिला लागायचाही नाही. "साहेब," ती म्हणाली, "शाल बरोबर आहे, माणूस चुकलाय." सभागृह असं हसलं की पंख्यांचा आवाज ऐकू येईना. आक्का वर गेली, मालतीबाईंच्या खांद्यांवरून तिनं स्वतःच्या हातांनी शाल उतरवली आणि दारात बाळ घेऊन उभ्या असलेल्या हिराबाईंना घातली. चूक दुरुस्त झाली. मालतीबाई मात्र गुच्छ हातात तसाच धरून, लोक हसत असताना, पायऱ्या उतरून घरी गेल्या. त्यानंतर कित्येक वर्षं त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या वर्षापासून आक्कानं रीतच बदलून टाकली. ज्याला माणूस माहीत नाही त्यानं शाल घालायची नाही. पाहुणा नको, नवी शालही नको. शाल एकच. ज्याला ती मिळाली त्यानं ती वर्षभर वापरायची, ट्रंकेत घालून ठेवायची नाही, आणि पुढच्या पौर्णिमेला आपल्या मनानं माणूस निवडून, त्याच्याबद्दल चार शब्द बोलून, आपल्या हातानं त्याच्या खांद्यांवर घालायची. नाव आधी कुणाला सांगायचं नाही. म्हणजे वैशाखातल्या उकाड्यात आमच्याकडे लोकरीची शाल पांघरली जायची, आणि सत्कारमूर्ती घामानं निथळत आपलं कौतुक ऐकायची. "ऐकू दे की," आक्का म्हणायची, "मेल्यावर सगळेच चांगलं बोलतात. तेव्हा घाम येत नाही एवढंच." शाल हिंडत राहिली. तिला हिराबाईंकडचा खोबरेल तेलाचा वास लागला, तो पुढे सायकलवाल्या दगडूमामांच्या वंगणाखाली कुठंतरी दबला. बालवाडीच्या बाईंकडे तिच्यावर शाईचा डाग पडला. धुवायची, पण डाग जाईपर्यंत घासायची नाही, हा आक्काचाच आग्रह.

मग संदेशची पाळी आली. जुना, कुणीतरी टाकून दिलेला संगणक विहाराच्या मागच्या खोलीत बसवून यानं वसाहतीतल्या मुलामुलींना शिकवलं. त्यातल्या कितीतरी जणांना पुढे त्याच जोरावर नोकऱ्या लागल्या. शाल अंगावर पडून वर्ष पुरं व्हायच्या आत त्याला अमेरिकेला जायची संधी आली आणि त्याच्या आईनं थंडीसाठी म्हणून ती बॅगेत सगळ्यात वर ठेवली. शाल सातासमुद्रापार गेली. समितीत तोवर नवी माणसं आली होती. त्यांनी घाऊक दुकानातून शालींचा गठ्ठा आणला, फलक लावला आणि एका संध्याकाळी तीस जणांचा गौरव केला. आक्का शेवटच्या रांगेत बसली होती. घरी येताना म्हणाली, "एका दिवसात तीस थोर माणसं? खडकीला एवढी परवडायची नाहीत." त्यानंतर ती त्या कार्यक्रमाला गेली नाही.

त्याच वर्षांत वसाहत पांगत होती. निवृत्त झालं की क्वार्टर सोडायचं. माणसं जवळपासच्या इमारतींत फ्लॅट घेऊन राहिली. मुलं हिंजवडीच्या कंपन्यांत, त्यांचा दिवस रात्री सुरू व्हायचा. काही बंगळूरला, काही परदेशात. बंद दारांआड म्हातारी माणसं उरली. मालतीबाईंचे यजमान तोवर वारले होते. त्या रोज सकाळी बाहेर पडायच्या आणि एकेक दार वाजवायच्या. "उठलात का?" आतून "उठलो" आलं की पुढचं दार. हळूहळू लोकांनी त्यांच्याकडे जादा किल्ल्या दिल्या, त्यांच्या कमरेला जुडगा लटकायला लागला. मुलं परदेशातून आईला फोन करायची आणि तिनं उचलला नाही की मालतीबाईंना. कधीतरी दार उघडून त्यांना नको ते पाहावंही लागलं. त्याबद्दल त्या कुणाजवळ बोलल्याचं मी ऐकलं नाही. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणाच्या नजरेत भरेल असंही ते नव्हतं.

अमोल दिवसा झोपायचा आणि रात्री कामावर असायचा, म्हणजे आक्काही सकाळची एकटीच. एक दिवस तिच्या दारावर टकटक झाली. इतक्या वर्षांनंतरचा पहिला शब्द.

"उठलात का?"

"उठले. मेले असते तर कडी कुणी काढली असती?"

"किल्ली दिलीत तर मी काढीन."

हा संवाद मला आक्कानंच सांगितला. दुसऱ्या दिवशी तिनं किल्ली दिली. पुढे दोघी सकाळी वाटाणे सोलत, एकमेकींच्या भाजीला नावं ठेवत बसायच्या, पण 'अहो मालतीबाई', 'अहो लीलाबाई' यापलीकडे काही सरकलं नाही. त्या जुन्या दिवसाचा विषय दोघींनीही काढला नाही.

मंदी आली आणि संदेश परत आला. विमानतळावरून घरी, घरून आक्काकडे, हातात शाल. "आक्का, उशीर झाला," तो म्हणाला. तिनं शाल उलगडून पाहिली. हीटरजवळ ठेवल्यानं एका कोपऱ्याला रुपयाएवढं भोक पडलं होतं. "वापरलीस ना? मग झालं." त्या पौर्णिमेला संदेशनं समितीला न जुमानता जुनी रीत पुन्हा सुरू केली आणि शाल आक्काच्याच खांद्यांवर घातली. ती चिडली. "अरे, मी नियम करणारी!" संदेश म्हणाला, "नियम करणाऱ्याला शाल घालू नये असा नियम तुम्ही केलेला नाही." मग तो बोलला, आणि त्याच्यानंतर लोक आपणहून उठून बोलत राहिले. आक्का घाम पुसत खाली मान घालून सगळं ऐकत होती. तिच्या चुका दाखवण्यानं कुणाकुणाचं काय काय वाचलं होतं, ते मलाही त्या दिवशी कळलं.

दिवाळीनंतर आजाराचं निदान झालं. डॉक्टर "बघू या" म्हणाले, आणि ते कसं म्हणाले ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. आक्काला एकच घोर लागला होता... पुढची पौर्णिमा. एकदा हातातून हातात जायची थांबलेली शाल पुन्हा थांबता कामा नये. हिवाळाभर शाल अंगावर घेऊन ती पलंगावर बसून असायची. पुढे पुढे तिला उठवेना तेव्हा मी म्हणालो, "आक्का, समितीला सांगून कार्यक्रम आधी घेऊ या का?"

"पौर्णिमा काय तुझ्या लायब्ररीतलं पुस्तक आहे, मुदतीआधी आणून द्यायला?"

"मग अमोल घालेल तुझ्या वतीनं."

यावर ती हसली नाही. "नाही. ही मलाच घालायची आहे. माझ्याच हातानं." तिच्या हातांना तेव्हा पेला धरवत नव्हता. त्या आग्रहाचा अर्थ मला लागला नाही. मी मनातल्या मनात पौर्णिमेपर्यंतचे दिवस मोजत घरी यायचो. त्याच हातांनी तिनं त्या भोकाला रफू घातलं, रोज थोडं थोडं. दोरा मुद्दाम मरून रंगाचा. "क्रीम दोरा घे ना, दिसणार नाही," मी म्हणालो. "दिसलं पाहिजे," ती म्हणाली. थकली की सुई दोऱ्यासकट उशाजवळच्या भिंतीवरच्या कालनिर्णयाला टोचून ठेवायची.

आणि पौर्णिमा उजाडली. अमोल आणि संदेशनं खुर्चीसकट उचलून तिला सभागृहात नेलं. मालतीबाई मागं दाराशी उभ्या होत्या, कमरेला किल्ल्या. आक्कासमोर या वेळी माईक धरावा लागला. ती म्हणाली, "मालती, पुढे ये."

मालतीबाई लगबगीनं आल्या. "काय झालं? गोळी राहिली का घरी?"

लोक हसले. आक्का हसू ओसरेपर्यंत थांबली. मग दम घेत घेत बोलली, "याच ठिकाणी एका बाईच्या खांद्यांवरून मी शाल काढली होती. माणूस चुकलाय म्हणाले होते. तुम्ही सगळे हसला होतात... आज ती रोज सकाळी आपली दारं वाजवते, म्हणून आपण इथं बसलोय. पाहुण्यांचा माणूस चुकला नव्हता. त्यांचं फक्त वर्ष चुकलं होतं."

या वेळी कुणी हसलं नाही. आक्काचे हात खांद्यांपर्यंत पोचेनात, तेव्हा मालतीबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. किल्ल्या फरशीवर वाजल्या. आक्कानं शाल घातली, मरून रफूचा कोपरा पुढे येईल अशी सारखी केली. मालतीबाईंनी तो कोपरा बोटांनी चाचपला. मग म्हणाल्या, "थंडीभर स्वतः पांघरलीस, आणि मला वैशाखात होय गं?" त्यांच्या तोंडून ते 'गं' मी पहिल्यांदा ऐकलं. घरी परतताना आक्का गाडीत झोपली. इतकी गाढ झोप तिला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

त्यानंतर ती थोडेच दिवस होती. शोकसभेत बोलायला फारसं कुणी उठलं नाही, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. जे सांगायचं ते वर्षापूर्वी तिच्या तोंडावर सांगून झालं होतं.

परवा मी तिच्या घरी राहिलो. सकाळी दार वाजलं, "उठलात का?" आणि मी "उठलो" म्हणत कडी काढली. मालतीबाई आत आल्या, आक्काच्या खोलीत थोडा वेळ उभ्या राहिल्या. कालनिर्णयाला सुई अजून टोचलेली होती, मरून दोऱ्यासकट. महिना उलटला तेव्हा अमोलनं ती काढून नव्या पानाला तशीच टोचली होती. मी विचारलं, "डब्यात ठेवू का?"

"राहू द्या," मालतीबाई म्हणाल्या. "शाल मी वापरणार आहे. कुठं ना कुठं फाटेलच." आणि किल्ल्या वाजवत त्या पुढच्या दाराकडे गेल्या.