दहा सेकंदांचा निर्वाह भत्ता

विष्णुपंत रिसबूड अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत पर्सोनेल ऑफिसर होते, आणि उभ्या नोकरीत त्यांनी एकाही कामगाराला चौकशीशिवाय घरी पाठवलं नाही. चौकशी करून मात्र पुष्कळांना पाठवलं. निकाल काय लागणार हे चौकशीच्या आधीच शिपायालासुद्धा ठाऊक असायचं, ही गोष्ट वेगळी. पण आरोपपत्र मराठीत, खुलाशाला मुदत, सोबत एक सहकारी आणायची मुभा आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंना चहा. "न्याय मिळो न मिळो, पद्धत मिळालीच पाहिजे," असं पंत म्हणायचे, आणि म्हणताना हसायचे नाहीत.

रिटायर होऊन त्यांनी बदलापूरजवळ सोनिवलीच्या नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला आणि पद्धत कुणी विचारेनासं झालं. सोसायटीच्या सेक्रेटरीपदाला उभे राहिले, तर लोकांनी एका जिम चालवणाऱ्याला निवडून दिलं. घरात रिमोट सुहासिनीबाईंच्या हातात. मुलगा पुष्कर पुण्याहून फोन करायचा, तो आईला. काही माणसांना दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ठणकावून 'नाही' म्हणायला मिळालं नाही, तर अन्न पचत नाही. पंतांना गॅसेसचा त्रास सुरू झाला.

टॉवरच्या खाली कल्पेशचं मोबाइल-कॉम्प्युटरचं दुकान होतं. टॉवर उभा आहे ती जमीन त्याच्याच घरची. बिल्डरने तिच्या बदल्यात दोन गाळे आणि काही फ्लॅट दिले होते, त्यामुळे गिऱ्हाईक आलं तरी बरं आणि नाही आलं तरी त्याहून बरं अशी कल्पेशची परिस्थिती. रिकामं डोकं काय करणार? त्याने इंटरनेटवर सगळ्यांसाठी मिळून एक कॉम्प्युटर उघडून ठेवला. खरा डबा कुठेच नाही. कुठल्यातरी सर्व्हरच्या पोटात चालणारं एक आभासी मशीन. आपापल्या फोनवर वेबसाइट उघडली की सगळ्यांना एकच स्क्रीन दिसणार, पण माउस सगळ्यांत मिळून एक. 'पाळी' नावाचं बटण दाबायचं, रांगेत थांबायचं, नंबर लागला की वीस सेकंद माउस आपला. बाजूला गप्पांची चौकट, म्हणजे बाकीच्यांना तुमची अक्कल काढायची सोय.

वीस सेकंदांत माणूस चांगलं असं काय करणार? काही नाही. वाईट मात्र भरपूर. कुणी सबंध दुपार पाळ्या लावून लावून चित्रात एक घर, एक झाड काढावं, आणि पुढच्याने त्यावर काळा रंग ओतावा. उल्हासनगर कॅम्प एकचा एक बहाद्दर नंबर लागला की 'जीन्स होलसेल, फिक्स रेट' असं लिहून जायचा. कुणी मशीनच बंद करायचा. कुणी आतल्या महत्त्वाच्या फायली उडवायचा, की मशीन गतप्राण. मग कल्पेश ते पुसून पुन्हा कोरं सुरू करायचा, आणि त्यात घर-झाडही जायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

पंत प्रिंटर दाखवायला खाली आले होते. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग आणखी पाहिलं, आणि विचारलं, "ह्यांच्यावर अधिकारी कोण आहे?"

"मीच, काका. कोन जास्त मस्ती करतो त्याला बॅन मारतो. पन साला नवीन नाव घेऊन परत येतो."

"नोटीस देतोस?"

"कसली?"

पंतांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर एरवी डॉक्टर कंपाउंडरकडे टाकतात. कल्पेशला तसंही ते काम नको झालं होतं. त्याने अर्धवट मजेत पंतांना मॉडरेटर करून टाकलं: कुणाचीही पाळी तोडायची, कुणालाही गप्प करायचं, हाकलायचं, वाटलं तर रांग मोडून कुणाला पाळी द्यायची. त्या दिवशी पंत रात्री पोटभर जेवले. गॅसेस वगैरे काही नाही.

आणि मग सुरू झाली पद्धत. 'आपण आज दुपारी रीसायकल बिन नावाची कचऱ्याची पेटी स्क्रीनच्या कोपऱ्यात लपवून इतर सदस्यांत घबराट निर्माण केली. आपणावर कारवाई का करू नये, याचा खुलासा करावा.' समोरचा लिहायचा, 'हा हा हा.' पंत खाली शेरा मारायचे, 'खुलासा असमाधानकारक.' गंमत अशी, की याचा उपयोग झाला. हाकलला की नाव बदलून येणारे लोक आता त्याच नावाने थांबू लागले. जन्मात कुणी 'आपण' म्हटलं नव्हतं त्यांना. आता एक माणूस त्यांची कचऱ्याची पेटी गांभीर्याने घेत होता. कल्पेश चाट पडला. सुहासिनीबाईंना दुपारची मालिका शांतपणे बघायला मिळाली. सगळं कसं छान चाललेलं, आणि अशा वेळीच माणसाला आणखी छान करायची बुद्धी होते.

पंतांच्या मनात एक गोष्ट खुपत होती. चौकशी चालू असताना माणसाला निलंबित करतात, पण उपाशी ठेवत नाहीत. अर्धा पगार देतात, निर्वाह भत्ता म्हणून. कायदाच आहे तसा. मग इथे का नाही? पंतांनी जाहीर केलं, की निलंबित सदस्याला रांगेत थांबता येणार नाही, परंतु दर थोड्या वेळाने मॉडरेटर स्वतः त्याला अर्धी पाळी देतील. दहा सेकंद. निर्वाहासाठी.

पहिला निलंबित झाला तो 'पंप नंबर तीन' नावाचा सदस्य. मशीनचा आवाज वाढवून त्यावर हळदीची गाणी लावत होता. खुलासा मागितला तर लिहितो, 'चूक झाली, सायेब. सस्पेन करा.' इतका सरळ माणूस पाहून पंतांना भरून आलं.

इथे जरा मागे जायला हवं. पंतांच्या कंपनीत मोरिवलीचा हरिचंद्र नावाचा पंप ऑपरेटर होता. वर्षभर सोन्यासारखा माणूस, आणि भातलावणी आली, त्यांच्याकडे आवणी म्हणतात ती, की नेमका फोरमनशी भांडायचा. पंत त्याला निलंबित करायचे. हरिचंद्र अर्ध्या पगारावर जायचा तो थेट सोनिवलीला, बहिणीच्या शेतात, कारण मोरिवलीची स्वतःची जमीन कारखान्यांनी केव्हाच खाल्ली होती. आवणी संपली की येऊन माफीनामा द्यायचा. हे वर्षानुवर्षं चाललं आणि पंत दर वर्षी म्हणायचे, पावसाळ्यात ह्याचं डोकं फिरतं. कंपनीतल्या झाडूवाल्यालाही कळत होतं. पंतांना कळत नव्हतं, कारण पद्धतीत कुठे चूक नव्हती.

आता तोच हरिचंद्र कल्पेशचा मामा, आणि भाच्याच्या वेबसाइटवर 'पंप नंबर तीन' या नावाने बसलेला. जुना खेळाडू तो. बाकीचे रांगेत ताटकळताहेत, तीस जणांमागे एक पाळी. आणि निलंबित माणूस मात्र हातपाय पसरून बसलेला, साहेब स्वतः आणून घास भरवताहेत. त्याने ही खुबी गप्पांच्या चौकटीत सगळ्यांना सांगितली. गावातला माणूस, एकट्याने खायची सवय नाही.

त्यानंतर जे झालं त्याला दंगा म्हणणं जिवावर येतं, इतक्या शिस्तीत झालं. लोक वेबसाइटवर यायचे, एक फाइल उडवायचे आणि लगेच लिहायचे, 'माझ्याकडून गैरवर्तन घडले आहे.' जीन्सवाला तर 'सर, मेरा भी सस्पेंशन कर दो, घर में बूढ़ी माँ है' म्हणून मागे लागला. पंत सगळ्यांना नोटिसा देत होते, सगळ्यांना निलंबित करत होते आणि सगळ्यांना भत्ता वाटत होते. जेवायला बोलावलं तरी "अजून सात जणांचा निर्वाह बाकी आहे" म्हणायचे.

"अहो, तुम्ही त्यांना शिक्षा करताय की ते तुम्हाला?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

पंतांनी पुढची नोटीस लिहायला घेतली. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत इतक्या लोकांना ते हवे होते असं झालंच नव्हतं. त्यांना फार बरं वाटत होतं, आणि ज्यात माणसाला फार बरं वाटतं त्याचा हिशेब तो मागत नाही.

पण जो बिचारा सरळपणे रांगेत उभा राही, त्याचा नंबरच लागेना. नवे लोक यायचे, कंटाळून जायचे. घर आणि झाड काढणाऱ्याने तर 'चांगलं वागून काय मिळतं इथे?' एवढंच लिहिलं आणि तो परत आला नाही. कल्पेशने दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी पंतांनी लॅपटॉप उघडला, तर मॉडरेटरची बटणं गायब. खाली एक ओळ: 'सॉरी हां काका. टेन्शन नका घेऊ.'

पंतांना वाईट वाटलं. नुसतं वाईट नाही, सेक्रेटरीपदाच्या वेळी वाटलं होतं त्याच्या दसपट वाईट वाटलं. ते स्लीपर घालून खाली गेले. दुकानात कल्पेश होता, आणि स्टुलावर एक पांढऱ्या मिशांचा माणूस पाय वर घेऊन बसला होता.

"ना नोटीस, ना खुलासा, ना चौकशी," पंत म्हणाले. "एका क्लिकमध्ये?"

"काका, चौकशी करून काय झालं असतं? काढलंच असतं ना तुम्हाला."

"काढलंच असतंस," पंत म्हणाले. "पण आधी मला विचारलं असतंस."

स्टुलावरचा माणूस खाली उतरला. "विचारू ना," तो म्हणाला. "कल्पेश, दोन चा सांग. सायेबाला खुर्ची दे. ओलखलं का सायेब?"

पंतांनी त्याच्याकडे पाहिलं. "हरिचंद्र." मग काउंटरवरच्या फोनवर 'पंप नंबर तीन' असं नाव दिसलं, आणि इतक्या वर्षांचे पावसाळे एकदम त्यांच्या डोक्यात शिरले. "म्हणजे तू तेव्हासुद्धा मुद्दाम..."

"ते नंतर. आज चौकशी तुमची हाय."

चहा आला. हरिचंद्र टेबलाच्या पलीकडे बसला, घसा साफ केला आणि पंतांच्याच जुन्या सुरात म्हणाला, "आपनावर आरोप असा, का तुमी वाकड्यांना जेवाया घातलं न् सरलांना उपाशी ठेवलं. मान्य हाय?"

आजवर पंतांनी हा प्रश्न शेकडो वेळा विचारला होता, आणि 'मान्य' म्हणणाऱ्याला ते मनातल्या मनात मूर्ख म्हणत आले होते. "मान्य आहे," ते म्हणाले.

"सोबत कोनी सहकारी आनायचाय?"

"कोणी नाही."

"मंग तुमाला जे सांगायचं हाय ते सांगा. मुदत भरपूर हाय."

पंतांनी कप हातात घेतला. त्यांच्याकडे युक्तिवाद तयार होता, कायद्याच्या कलमासकट. तो त्यांनी सुरू केला, मध्येच सोडला. "हरिचंद्र," ते म्हणाले, "मला दुपारी काही करायला नसतं रे."

कल्पेशने उगाच एक चार्जर उचलून परत ठेवला. हरिचंद्रने मान डोलावली, खुलासा समाधानकारक वाटल्यासारखी. पण पद्धत म्हणजे पद्धत; मॉडरेटरपद काही त्याने परत दिलं नाही.

"निलंबन," त्याने निकाल दिला. "अर्धी पाली चालू ऱ्हाईल. कल्पेश सोता देल."

"किती दिवस?"

"आवनी होईपरत."

पंतांनी दुकानाच्या काचेतून बाहेर पाहिलं. समोर पार्किंग होतं, पेव्हर ब्लॉक होते, जिमची पाटी होती, आणि त्याच्यावर मजल्यांवर मजले, त्यात त्यांचा स्वतःचा फ्लॅटही आला. हरिचंद्र दर वर्षी ज्यासाठी भांडण उकरून काढायचा, ते बहिणीचं शेत हेच.

"अरे, पण इथे आता आवणी कुठे होते?" पंतांनी विचारलं.

"नाय होत," हरिचंद्र म्हणाला आणि बशीतला चहा फुंकायला लागला. "म्हनून तुमचा भत्ता कायम, सायेब."