हाताचा वास

आधीच सांगतो, जेवता जेवता हे वाचू नका. इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा मनात हसलोय. अमावास्येला नखं कापणारा, रस्त्यात पडलेल्या लिंबू-मिरचीवरून मुद्दाम बाईक नेणारा माणूस मी. आजही भुताखेतांवर विश्वास नाही. पण ही गोष्ट पोटात राहत नाही...

२००९ साल असेल. पनवेलहून नेरे ओलांडून पुढे, डोंगराच्या पायथ्याशी मी आणि माझा मित्र प्रसाद अ‍ॅडव्हेंचर कॅम्प चालवायचो. होळी झाली की आमचा सीझन. पळस, पांगारा फुललेला, सकाळची हवा अजून गार. नवी मुंबईतल्या ऑफिसांचे ग्रुप दिवसभरासाठी यायचे. सकाळी कड्यावर रॅपलिंग, दुपारी दोरीच्या पुलावर दंगा आणि ऊन उतरलं की मचाणावर बसून प्राणी बघायचे.

प्राणी मात्र आमच्या टाइमटेबलप्रमाणे येईनात. मग प्रसादने युक्ती काढली. पळस्पे फाट्याजवळच्या एका चिकनच्या दुकानातून कोंबड्यांची आतडी, पाय, कातडी आणायची, पिंपात भरून दिवसभर उन्हात ठेवायची आणि मचाणासमोरच्या कातळावर ओतायची. ओतायचं काम बहुतेक माझ्याकडे. तळाला चिकटलेलं हाताने खरवडून काढावं लागे. कोपरापर्यंत बुळबुळीत, बोटांच्या बेचक्यात अळ्या वळवळतायत... पण कोल्हे येत, मुंगूस येई, एखादी घोरपडसुद्धा. पाहुणे खूश. "सर, काय लक आहे आमचं!" मी नुसता हसायचो.

घरी बाबा होते. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेलेली, डावा हात जेमतेम वर व्हायचा. जुन्या वळणाचे मास्तर. सुनेच्या हातून घास घ्यायला त्यांना लाज वाटे. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर मीच भरवायचो. साबण, लिंबू, राख, सगळं हाताला चोळून मी वरणभात कालवायचो.

"कोल्हा आला?" ते जड जिभेने विचारायचे.

"आला ना. आपणहून आला, बाबा."

त्यांना त्या 'आपणहून'चं फार कौतुक.

आता तो दिवस. मचाणावर दहाबारा जण होते, चांगला उजेड होता. कातळावर दोन कोल्हे आले. मागून एक मुंगूस आलं, झुडपातून घोरपड आली. एरवी एकमेकांना बघून पळणारी ही जनावरं ओळीने बसली. समोरच्या ढिगाला एकानेही तोंड लावलं नाही. मग सगळ्यांनी माना वळवल्या आणि ती मचाणाकडे बघू लागली.

"अय्या, पोज देतायत!" एक बाई म्हणाल्या.

गप्प बसा म्हणून खुणावायला मी उजवा हात वर केला. सगळी नाकं वर झाली. मी हात डावीकडे नेला, माना डावीकडे गेल्या. घोरपडीची जीभ लवलवत होती.

"सर, ट्रेनिंग दिलंय का यांना?" लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि जनावरं पांगली.

पाहुणे गेल्यावर आम्ही कातळावर गेलो. दिवसभर उन्हात सडलेला तो ढीग... ताजा होता. लालबुंद, ओला, आत्ता कापल्यासारखा. एक माशी नाही, मुंगी नाही, अळी नाही. प्रसादने वाकून हुंगलं. "अरे, वासच नाही!" मग माझ्याकडे वळला आणि दोन पावलं मागे सरला. "शी! आधी हात धू तू."

माझ्या उजव्या हातावर माशा बसल्या होत्या. हिरव्या. झटकल्या तरी उठेनात.

मी हात खसखसून धुतले, तरी स्वयंपाक करणाऱ्या बेबीमावशींनी पदर नाकाला लावला. "सर, तुमी आज लांब बसा हां. नायतर आमी पानावरून उठतू."

"आता तूच त्या कोल्ह्यांचं जेवण!" प्रसाद हसला. त्यानेही कितीदा ते पिंप ओतलं होतं. त्याच्या हाताला काही नव्हतं.

घरी मी घास उचलला. बाबांनी सवयीने तोंड उघडलं, मिटलं आणि त्यांना कोरडी ओकारी आली. "काय... काय आणलंस?" बायकोने चमच्याने भरवायचा प्रयत्न केला, त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही. हातमोजे घातले तर वास मोज्यातून आला. मीही चमचा धरून पाहिला, वास चमच्याला लागला. स्किनच्या डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावून हात तपासला. रिपोर्ट मात्र स्वच्छ. बाबांची गालफडं बसली. नुसत्या पाण्यावर माणूस किती दिवस काढणार? मी त्यांच्या खाटेशी बसून सगळं सांगून टाकलं... ते पिंप, तो ढीग, एकही जनावर आपणहून आलं नव्हतं हे.

संध्याकाळी मी पुन्हा ताट घेऊन गेलो. बोटांवर माशा होत्याच. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग लटपटणारा डावा हात वर नेला, दोन बोटांनी स्वतःचं नाक चिमटीत धरलं आणि तोंड उघडलं.

घास गिळताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अजून," म्हणाले.

कॅम्प मी सोडला. मे संपता संपता माशा गेल्या. बायको शपथेवर सांगते की वासही गेला; प्रसादही तेच म्हणतो. तो ढीग ताजा कसा राहिला, वास माझ्याच हाताला का लागला, जनावरांनी काय ओळखलं... मला आजही सांगता येत नाही. कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा.

बाबा पुढे दोन वर्षं होते. शेवटच्या घासापर्यंत, दोन्ही वेळा, ते नाक धरूनच माझ्या हातून जेवले. वास येतो का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.