माझ्याच वॉर्डात मी आडवी

धुळ्यातल्या ज्या रुग्णालयात मी सिस्टर आहे, तिथल्या बायकांच्या हाडांच्या वॉर्डात एका सकाळी माझी कंबर धरली. धरली म्हणजे कशी, तर वाकलेली मी वाकलेलीच राहिले.

दोंडाईच्याच्या एक बाई गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आमच्याकडे होत्या. अंगानं चांगल्या भरलेल्या. उशीला टेकवून बसवलं की घसरत घसरत पलंगाच्या पायथ्याशी पोचायच्या. त्यांना वर ओढायला दोघी तरी लागतात. पण माझ्या जोडीची सिस्टर पेशंट सोडायला ऑपरेशन थिएटरात गेलेली, मावशी चादरी आणायला गेलेल्या, आणि बाईंच्या सुनेला नेमकी तेव्हाच चहाची तल्लफ आलेली. मला दम कुठला? पलीकडचं सलाईन संपत आलेलं, कोपऱ्यातल्या मुलीला ऑपरेशनसाठी उपाशी ठेवायचं तर तिची आई तिला गुपचूप बिस्किट भरवतेय, रक्ताची पिशवी आणायला गेलेला माणूस अजून परतला नाही, आणि डॉक्टरांचा राउंड कधीही सुरू होईल. हे सगळं डोक्यात घेऊन मी बाईंच्या काखेत हात घातले आणि म्हणाले, "चला, एक, दोन..."

तीन म्हणायला मिळालंच नाही.

"ओढा ना सिस्टर," बाई म्हणाल्या.

"ओढते. जरा थांबा."

"किती वेळ?"

ते मला तरी कुठं माहीत होतं! माझं नाक त्यांच्या खांद्याला टेकलेलं आणि डोळ्यांत पाणी. तेवढ्यात आमच्या इनचार्ज सिस्टर आल्या. त्यांनी लांबून पाहिलं आणि विचारलं, "काय गं, गळ्यात पडून रडण्याइतकी ओळख कधी झाली?"

मग सगळा प्रकार त्यांच्या लक्षात आला. त्यांनी हाका मारून माणसं जमवली, चौघींनी मिळून मला उचललं आणि जो एक पलंग रिकामा होता त्यावर ठेवलं. तो पलंग नेमका सोनगीरच्या अक्कांच्या शेजारचा.

अक्का म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या, खुब्याचं हाड मोडलेल्या शेतकरी बाई. पायाला वजन लावून त्यांना उताणं झोपवलेलं होतं. त्या आल्यापासून मी त्यांना सारखी रागवत होते. हलू नका, वळू नका, पाय सरळ ठेवा. मला शेजारी आणून टाकलेलं पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की काय सांगू.

"आते कशी शे सिस्टर?" त्या अहिराणीत म्हणाल्या. "हालू नको बरं."

डॉक्टरांनी तपासलं. स्नायू आखडलाय, म्हणाले, आज तरी उठायचं नाही. मग माझ्या जोडीची सिस्टर इंजेक्शन घेऊन आली आणि मी रोज सगळ्यांना सांगते तेच मला सांगितलं, "काही दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल." मी इतक्या मोठ्यानं ओरडले की बिस्किटवाली मुलगीसुद्धा हसली. दोंडाईच्याच्या बाई तर हसता हसता पुन्हा घसरल्या.

खरी पंचाईत पुढेच होती. कंबर पलंगावर पडली, पण डोकं काही पडेना. डोळे मिटले तरी मला सगळं ऐकू येत होतं. कुणाच्या तरी नळीत हवा गेली असेल का? त्या मुलीची आई पुन्हा पिशवीत हात घालतेय का? "पलीकडचं सलाईन बदला!" मी पडल्या पडल्या ओरडले. "रक्त आलं का गं?" "कोपऱ्यातल्या मुलीकडे बघ!" माझी जोडीदारीण बिचारी एकटी वॉर्डभर पळत होती आणि वर माझी हुकूमबाजी.

अक्कांनी शेवटी इनचार्जना हाक मारली. "ओ मोठ्या बाई! ही सिस्टर पडी राहत नई. माले बी झोपू देत नई."

इनचार्जनी येऊन माझ्या पलंगाभोवती पडदा ओढला. मी पडद्याआडून विचारलं, "रक्त आलं का तेवढं सांगा."

"अवो माय," पडद्यापलीकडून अक्का म्हणाल्या, "तू आते सिस्टर नई, पेशंट शे. ती दुसरी करी ना बठ्ठं."

ती दुसरी म्हणे सगळं करेल! खरं सांगायचं तर मला राग आला. तिला कुठलं जमतंय, असंच वाटत होतं. पण रक्त आलं, सलाईन बदललं गेलं, राउंडही पार पडला, आणि माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. हे बघून बरं वाटावं की वाईट, हेच मला कळेना.

दुपारी मला लघवीला लागली. मी हाक मारली. "आले हं, एक मिनिट," जोडीदारीण म्हणाली. हे एक मिनिट मी स्वतः कित्येकांना दिलेलं आहे. पण ते उशीवरून केवढं लांबलचक असतं, ते त्या दिवशी समजलं. वर पंखा बघायचा, जवळ येणाऱ्या चपला ऐकायच्या आणि त्या दुसरीकडेच वळल्या की मनातल्या मनात चिडायचं.

संध्याकाळी नवरा डबा घेऊन आला. मला बरं नाही एवढंच त्याला फोनवर कळलं होतं. तो पांढऱ्या कपड्यातली, उभी, कुणावर तरी ओरडणारी बाई शोधत माझ्या पलंगासमोरून दोनदा गेला. शेवटी त्यानं अक्कांनाच विचारलं. त्यांनी बोटानं मला दाखवलं आणि म्हणाल्या, "तुनी बायको ही शे का? घरी बी अशीच बोलस का?"

"घरी जास्त," तो म्हणाला. त्या दोघांची तिथंच गट्टी जमली.

मग घरी सक्तीची विश्रांती. पहिले काही दिवस कुकरची शिट्टी झाली की मी दचकून उठायला जायची. पारोळ्याहून नणंद भेटायला आली, तिला पाण्याचा ग्लास देता देता मी विचारलं, "जेवणाआधीची गोळी घेतली ना?" ती बिचारी घाबरून हो म्हणाली. हळूहळू ते कमी झालं. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी मला गुडघ्यांतून वाकायला शिकवलं. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर वाकायचं कसं, ते मी शिकत होते.

कामावर परतले तेव्हा अक्का घरी गेल्या होत्या. इनचार्जनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की जड पेशंटला एकटीनं हात लावायचा नाही, खाली आडवी चादर घालायची आणि ती दोन्ही बाजूंनी धरूनच वर घ्यायचं. पहिल्याच दिवशी एक आजी घसरल्या. माझे हात सवयीनं पुढे गेले. मी ते मागे घेतले आणि कमरेवर ठेवून दाराशी उभ्या असलेल्या नातेवाइकांना हाक मारली, "या बरं सगळे इकडे! चहा नंतर!"

ते आले. चादर धरली. आजी अलगद वर गेल्या आणि म्हणाल्या, "अजून एकदा करा ना, बरं वाटलं."

कंबर अजून अधूनमधून कुरकुरते. घरी आल्यावर वॉर्ड डोक्यातून जायला मात्र वेळ लागतो. परवाच भाजी फोडणीला टाकता टाकता मला आठवलं की कुणाचं तरी प्लॅस्टर ओलं होतं. मी वॉर्डात फोन लावला. फोडणीचा आवाज ऐकून जोडीदारीण म्हणाली, "वाळलंय. भाजी करपेल."

खरंच करपली होती.